बाळासाठी कॅमेरा घेताय? आधी पाळण्याचा झोका मोजा

आमचं घर बेळगावच्या वडगावात, मागवाल्यांचं. खाली चार माग, वर राहायचं. माग सुरू असले की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं, तिथं माडीवरच्या बाळाचं रडणं कुठलं ऐकू येणार? म्हणून लेक तीन महिन्यांची असताना कॅमेऱ्याचा बेबी मॉनिटर घेतला. कांड्या भरता भरता मला ती छोट्या स्क्रीनवर दिसायची. फार आधार वाटला. "आमच्या वेळी कुठं होतं असलं?" म्हणणाऱ्या बायकांना मी सांगते, तुमच्या वेळी घरात आजी, आत्या, काकी होत्या. माझ्या घरी दुपारी मी आणि सासूबाई, दोघीही मागावर.

आता धाकट्या जाऊबाईंना सातवा लागलाय. "वहिनी, कुठला घेऊ?" म्हणून त्यांनी परवा विचारलं. किंमत सांगायच्या आधी मी त्यांना वायरीचं सांगितलं.

चेहरा नीट दिसावा म्हणून आम्ही कॅमेरा पाळण्याच्या कडीलाच बांधला होता. वायर दोरीला गुंडाळून खाली आणलेली. लेक सात महिन्यांची झाली तेव्हा एका दुपारी स्क्रीनवरचं चित्र धक्के खाऊ लागलं. पळत वर गेले. वायर तिच्या मुठीत, एक वेढा खांद्यावरून मानेकडे आलेला, आणि ती हसत ओढत होती. तो वेढा सोडवताना माझी बोटं चालेनात.

२०११ साली अमेरिकेत एका कंपनीला सुमारे १७ लाख व्हिडिओ मॉनिटरांबाबत रिकॉल, म्हणजे विकलेल्या मालात धोका आहे अशी सुधारणेची सूचना, जाहीर करावा लागला. वायर गळ्याभोवती अडकून दोन बाळं गेली होती. यंत्र बिघडलेलं नव्हतं, वायर बाळाच्या हाताशी होती. तेव्हा दिलेली सूचना म्हणजे कॅमेरा आणि वायर बाळाच्या खाटेपासून किमान ३ फूट लांब. पण हे अंतर जागेवर उभ्या असलेल्या खाटेचं. आपला पाळणा झोके घेतो. म्हणून झोका जिथपर्यंत जातो, त्या टोकापासून ३ फूट धरा. कॅमेरा समोरच्या भिंतीवर, वायर केसिंग पट्टीत. झोळीत तर वरून चेहराही दिसत नाही, कॅमेरा असून नसल्यासारखा.

घेताना मी इंटरनेट नसलेलाच घ्या म्हणेन. कॅमेऱ्यातून चित्र थेट सोबतच्या स्क्रीनवर येतं, मध्ये वायफाय नाही, ॲप नाही. माझं माहेर खानापूरकडचं. पावसात लाईट गेली की राउटर बंद, मग वायफायवरून फोनवर दिसणारा कॅमेरा काय कामाचा? कॅमेऱ्यालाही बॅटरी आहे का, हे दुकानातच विचारा. डब्यावरचं अंतर मोकळ्या मैदानातलं असतं, जुन्या घराच्या जाड भिंतीत ते बरंच कमी होतं. आणताच स्क्रीन घेऊन घरभर फिरून बघा.

पुण्याच्या दिरांना फोनवर बाळ बघायचंय म्हणून वायफायवालाच हवा होता. मी म्हटलं, व्हिडिओ कॉल करा की! २०१६ साली मिराय नावाच्या व्हायरसनं कारखान्यातूनच आलेले पासवर्ड वापरून असले कॅमेरे आणि राउटर लाखोंनी ताब्यात घेतले होते. तरीही घेतलात तर पहिल्या दिवशी पासवर्ड बदला, अपडेट करत राहा, आणि सगळ्या पाहुण्यांना लॉगिन वाटू नका.

बाळाची नाडी आणि ऑक्सिजन मोजणाऱ्या पायमोज्यांवर मात्र पैसे घालवू नका. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही त्यावर विसंबू नका म्हणते. सपाट, घट्ट गादीवर उताणं झोपवा, उशी नको.

काल जाऊबाईंच्या खोलीत टेपनं मोजलं. झोका भिंतीपासून दीड फुटावर येतो. आता पाळण्याची कडी दुसऱ्या तुळईला लावायला सुताराला बोलावलंय.