पेशव्यांचं मोरपिशी शटल

आमच्या घरच्या ग्रुपवर चार दिवस एक मजकूर फिरतोय. म्हणे, बॅडमिंटन मूळचं पेशव्यांचं. शनिवारवाड्यात मोरपिसांचं शटल उडायचं. १८७३ला इंग्रजांनी तो खेळ पळवून नाव बदललं. आणि त्या पापापायी १९९२पर्यंत ऑलिंपिकमध्ये घेतला नाही. मी गप्प बसलो असतो. पण काल डिचोलीला बहिणीकडे गेलो, तर भाचा वर्गात बोलायला हेच घोकत होता. पाठवणारे आमचे भावजी!

आधी मोरपीस. पेशवाई १८१८ला बुडाली, १८२८च्या आगीत शनिवारवाडा जळाला, दुसरे बाजीराव १८५१ला बिठूरला वारले. पुण्याच्या छावणीत गोरे अधिकारी जाळी बांधून खेळू लागले ते त्यानंतर. वाड्यात शटल कोण उडवत होतं, आगीचे बंब? भाच्याला म्हटलं, देव्हाऱ्यातलं मोरपीस काढ, बुचात खोव आणि मार. ते लोळत, डुलत फ्रिजमागे गेलं. खऱ्या शटलला हंसाची नाहीतर बदकाची सोळा पिसं, सगळी एकाच बाजूच्या पंखातली. एकाच अंगाला कलतात म्हणून शटल गरगरत सरळ जातं. वजन जेमतेम पाच ग्रॅम.

नावाची चोरी? १८६०मध्येच लंडनच्या आयझॅक स्प्रॅट नावाच्या खेळणीवाल्याने या खेळाची पुस्तिका काढली, तिच्या नावातच 'बॅडमिंटन' आहे. ग्लॉस्टरशरमधला ड्यूक ऑफ बोफर्टचा वाडा, त्याचं ते नाव. १८७३ची चोरी तिथेच गळपटते. जाळीशिवाय बॅटींनी शटल टोलवणं तर युरोपातल्या पोरांचं त्याही आधीचं.

बरं, पुण्याचा वाटा आहे, नाइलाजाने मान्य. तिथे खेळाला 'पूना'च म्हणत, नियमही तिथे बसवले गेले. वाऱ्यात लोकरीचा चेंडू घेत, ते मला पटतं. आमच्या अंगणात जरा वारा सुटला की शटल माडावर. तसाच लोकरीचा चेंडू दक्षिणेत बॉल बॅडमिंटनमध्ये रुजला.

ऑलिंपिकचं सोडा. १९७२लाच म्यूनिकच्या ऑलिंपिकमध्ये तो प्रदर्शनीय खेळ होता. कट वगैरे काही नाही.

अभिमानच हवा तर सांगलीचे बॅडमिंटनपटू नंदू नाटेकर घ्या. १९५६ला क्वालालंपूरमध्ये बॅडमिंटनचं आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय. भाच्याने आता त्यांच्यावर लिहायला घेतलंय. भावजींनी ग्रुपवर नुसते हात जोडलेत, मजकूर काही काढलेला नाही.