शेकरूचं शेपूट

राज्यप्राणी निवडणाऱ्यांनी जंगलाचा विचार केला, आज्यांचा केला नाही. हत्ती निवडला असता तर काय बिघडलं असतं? चार जाडजूड पाय, वर पोट, पुढे सोंड. कशातही करा, उभा राहतो. महाराष्ट्राच्या वाट्याला आलं शेकरू. भीमाशंकरच्या झाडांवर राहणारी ही भलीमोठी खार, वजन दोन किलोच्या आसपास आणि शेपूट अंगाहून लांब. देवानं तिला ते झाडावर तोल सांभाळायला दिलं. आमच्या डायनिंग टेबलावर त्याच शेपटानं घरातल्या एकेकाचा तोल घालवला.

नातू तिसरीत आहे. शाळेनं सांगितलं, की राज्याची मानचिन्हं रंगीत मातीत करायची, सुरुवात राज्यप्राण्यापासून. उंची पाच इंचांच्या आत, आणि पालकांनी मदत करायची नाही. हे शेवटचं कलम सूनबाईंनी दोनदा मोठ्यानं वाचलं आणि फोन माझ्यासमोर धरला. आजी ही ‘पालक’ या व्याख्येत बसत नाही, असा निकाल आमच्या घरात बालवाडीपासूनच लागलेला आहे.

माती आणायला अप्पा बळवंत चौकात गेले. गर्दीत काउंटरपर्यंत पोचल्यावर दुकानदारानं मान वर न करता विचारलं, ‘काय करायचंय?’

‘शेकरू.’

‘मग मोठा डबा न्या. शेपटाला जाते माती.’

त्या चौकात न मागता इतका अनुभवी सल्ला मिळणं दुर्मीळच. म्हणून मला त्याचा संशय आला आणि मी छोटा डबा घेतला. छोट्यातही बारा रंग. त्यातले शेकरूच्या कामाचे तपकिरी, पांढरा आणि डोळ्यांपुरता काळा. उरलेले नऊ रंग नुसते पडून राहणार, ही कल्पना सदाशिव पेठेत जन्म काढलेल्या बाईला झेपत नाही. मी हिरवा, पिवळा, निळा, जांभळा असे सगळे एकत्र मळून आतला गाभा केला आणि वरून तपकिरी कातडं चढवलं. बाहेरून कळतसुद्धा नव्हतं. तपकिरी अर्धा वाचला, याचं समाधान वेगळंच.

आता हात माझा बरा आहे. गणपतीत माझ्या मोदकांच्या पाकळ्या मोजायला शेजारणी येतात. उकड कशी, गरम असतानाच तेल-पाण्याचा हात लावून मळली की म्हणाल तशी वळते. या मातीला पाण्याचा हात लावला, तर पाणी वरच्या वर घरंगळून गेलं. माती जशी होती तशी, फक्त आता निसरडी.

‘लागणारच नाही पाणी,’ पेपराआडून हे म्हणाले. ‘त्यात पाणी नसतंच मुळी. खडूची पूड, पेट्रोलियम जेली आणि स्टिअरिक आम्ल.’ पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून यांना कशात पाणी आहे आणि कशात नाही हे सांगायला फार आवडतं. मग फोन काढून इतिहासही वाचून दाखवला. इंग्लंडात बाथ नावाचं गाव आहे. तिथले कलाशिक्षक विल्यम हारबट यांनी १८९७ मध्ये ही माती तयार केली, कारण साधी माती विद्यार्थ्यांचं काम संपायच्या आत वाळायची. ही कधीच वाळत नाही. १९०० मध्ये तर त्यांनी कारखानाच काढला.

हारबट गुरुजींचा हेतू उदात्त होता, यात शंका नाही. पण वाळणं ही मातीची केवढी सोय आहे, हे शाडूत हात घातलेल्या माणसाला विचारा. शाडूचा गणपती सावलीत वाळतो. तडा गेला तर गेला, नाक बसकं झालं तर तेही झालं, पण एकदाचा निकाल लागतो आणि आपण हात धुऊन उठतो. या मातीत निकाल नाही. येणारा-जाणारा प्रत्येक जण शेकरूला एक बोट लावून ‘इथे जरा असं हवं’ म्हणतो, आणि माती त्याचंही ऐकते. सकाळी माझ्या मुलानं ऑफिसला जाता जाता त्याचं तोंड निमुळतं केलं. दुपारी समोरच्या फ्लॅटमधल्या काकांनी ते पुन्हा गोल केलं. ते साखर मागायला आले होते.

रंगांचंही एक शास्त्र आहे. फिकट रंग आधी हाताळायचे, गडद मागून, कारण गडद रंग बोटांना चिकटून पुढच्या रंगात उतरतो. नातवाला हे मी नीट समजावून सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि सगळ्यात आधी डोळे केले. काळे. नंतर त्याच बोटांनी पांढरं पोट.

‘अरे राजा, पोट राखाडी झालं की!’

‘आजी, ते पावसात भिजलंय.’

भीमाशंकरला पाऊस किती पडतो हे माहीत असल्यामुळे मी गप्प बसले.

खरी परीक्षा शेपटाची. पोरगं मागच्या पायांवर बसलेलं शेकरू करायचं म्हणत होतं, हातात आंबा धरलेलं. बसवलं की ते मागे कलंडायचं. शेपूट बारीक केलं की साधी खार दिसायची. ह्यांनी पेपर खाली ठेवला. आयुष्यभर कालवे आणि बंधारे बघितलेल्या माणसाला पाच इंचांचं जनावर दाद देत नाही, हे त्यांच्या मनाला लागलं असावं. ‘पाया खोल घ्यायला हवा होता,’ असं म्हणून त्यांनी माळ्यावरून बाइंडिंग वायर काढली, पक्कड शोधली, पिळाचा सांगाडा केला आणि शेपटात घातला. शेपूट ताठ झालं. मग ताठ शेपटासकट शेकरू मागे पडू लागलं, आणि पडताना टेबलावर ‘टक्’ असा आवाजही येऊ लागला.

त्यात मार्च महिना. दुपारी दोनच्या पुढे वायरवरची माती मऊ होऊन खाली सरकायची आणि वरून तारेचं टोक डोकावायचं. थंडीत ही माती कडक होते म्हणून रात्री मी शेकरू फ्रीजमध्ये ठेवलं. सकाळी सूनबाई स्वयंपाकघरातून अगदी शांतपणे म्हणाल्या, ‘आई, तुम्ही घाबरू नका. ताकाच्या पातेल्यामागे उंदीर आहे.’

सुटका केली आमच्या मावशींनी. केरफरशीला येतात त्या. माहेर आंबेगाव तालुक्यातलं, भीमाशंकरच्या अंगाला. ओट्यावरचं आमचं शिल्प त्यांनी झाडू थांबवून पाहिलं.

‘ह्ये मुंगूस का?’

‘शेकरू आहे हो.’

‘शेकरू असं कुठं बसतंय! आमच्या घरामागच्या झाडावर यायचं की. फांदीवर पोट टेकून आडवं पडतं अन् शेपूट देतं खाली सोडून. मग निवांत खात बसतं.’

‘शेपूट खाली का सोडतं?’ ह्यांनी शास्त्रीय जिज्ञासेनं विचारलं.

‘त्याचं शेपूट, त्याला इचारा.’

मावशींनी कुंडीतल्या जास्वंदीची एक वाळकी फांदी मोडली, लोणच्याच्या बरणीच्या झाकणात मातीचा गोळा दाबून ती उभी रोवली आणि शेकरू आडव्या फाट्यावर लांबवलं. चार पाय दोन्हीकडे, शेपूट खाली. आता ते उन्हानं कितीही ओघळलं तरी नैसर्गिकच दिसणार होतं. हे बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग ‘लोड खाली घेतला बाईंनी’ इतकंच म्हणून पक्कड जागेवर ठेवून आले. मावशींनी फरशी पुसायला घेतली. त्यांच्या दृष्टीनं तो विषय संपला होता.

शाळेत बाईंना शेकरू आवडलं. कुणी केलं, असं त्यांनी विचारल्यावर आमचा सत्यवचनी म्हणाला, ‘डोळे मी केले. वायर आजोबांनी घातली, शेपूट मावशींनी सोडलं आणि आजी ओरडत होती.’ बाईंनी वहीत ‘सुंदर सांघिक कार्य’ असा शेरा दिला. पालकांचा उल्लेख नसल्यामुळे नियमभंगही झाला नाही.

आता पाळी राज्यपक्ष्याची, म्हणजे हरियालची. हिरवट अंगाचं, पिवळ्या पायांचं कबूतर. त्यामागून राज्यफूल ताम्हण येणार आहे, ते जांभळं. डबा उघडला तर आत अर्धी तपकिरी कांडी आणि थोडा काळा. हिरवा, पिवळा आणि जांभळा, तिघेही शेकरूच्या पोटात एकमेकांना बिलगून बसले आहेत. ह्यांनी पोटावर टाचणीनं एक बारीक रेघ मारून ठेवली आहे, चीर कुठून घ्यायची त्याची. नातवाला ते कळल्यापासून तो शेकरू उशाशी घेऊन झोपतो. उकाड्यानं त्याच्या अभ्र्यावर रोज एक नवा तपकिरी डाग पडतो. मी रोज सकाळी चष्मा लावून तपासते. हिरवा अजून तरी दिसलेला नाही.