खुलासा: ‘कोवळ्या आईला बाळाचा लळा लागत नाही’ हे खोटं

‘आई विशीच्या आतली असेल तर तिला बाळाचा लळा लागत नाही, बाळ आजीकडेच द्यावं’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. लळा सहवासाने लागतो, वयाने नाही. नवजात बाळाला २० ते ३० सेंटिमीटरवरचंच जरा नीट दिसतं, म्हणजे पाजताना आईचा चेहरा असतो तेवढ्याच अंतरावरचं. आईचा आवाज तर ते पोटात असल्यापासूनच ओळखतं. उघड्या छातीवर घेतलं की रडं थांबतं, तोंडाने चाचपडत दूध शोधू लागतं. ते पाहून घाबरलेली पोरही सैलावते. आजीने लंगोट जरूर बदलावेत, बाळ हिसकावू नये. काहींना माया दाटून यायला आठवडे लागतात. पण उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, तर डॉक्टरांना दाखवा. प्रसूतीनंतरच्या नैराश्याचा धोका या वयात जास्त असतो.