औषधाचा मुद्दा लेखात राहून गेला

‘मैदानावरची शिस्त एडीएचडी असलेल्या पोलिसाला कामातही आपोआप साथ देते’ हे खेळाडू पोलिसांवरील तुमच्या लेखातील विधान मला पटले नाही. मी स्वतः एडीएचडीसह (लक्ष टिकवणे आणि आवेग आवरणे कठीण करणाऱ्या स्थितीसह) पोलीस दलात काम करते आणि ज्युदोच्या स्पर्धांतही उतरते. घटनास्थळी गोंधळ उडालेला असताना माझे लक्ष ढळत नाही. खरी कसोटी लागते ती नंतर, ठाण्यात परतल्यावर, जेव्हा वायरलेस खरखरत असतो, शेजारच्या टेबलावर कोणी तक्रार सांगत असते आणि मला सगळा घटनाक्रम वेळेनिशी लिहून काढायचा असतो. ज्युदोत पंचाचा निर्णय तिथल्या तिथे कळतो. अहवालातील चूक मात्र कित्येकदा साक्षीच्या वेळी समोर येते. तिथे मला सरावापेक्षा अधिक उपयोग झाला तो अहवाल शांत खोलीत बसून लिहू देणाऱ्या वरिष्ठांचा.

दुसरे म्हणजे, औषधांचा उल्लेखच लेखात नाही. एडीएचडीसाठी दिले जाणारे मेथिलफेनिडेट हे औषध ‘वाडा’च्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) यादीनुसार स्पर्धाकाळात निषिद्ध आहे आणि ते घेणाऱ्या खेळाडूला उपचारासाठीची रीतसर सूट मिळवावी लागते. २०१६ मध्ये हॅकर्सनी अमेरिकी जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सची वैद्यकीय कागदपत्रे फोडली, तेव्हा तिच्याकडे अशी सूट असूनही तिला आपले निदान जगासमोर सांगावे लागले. ज्या पोलिसाने आपले निदान अजून सहकाऱ्यांनाही सांगितलेले नाही, त्याला या सुटीसाठीच्या अर्जापाशीच किती धास्ती वाटत असेल, याचा विचार लेखात व्हायला हवा होता.