हत्था जोडी खिशात ठेवून केस जिंकणाऱ्यांनी आधी कलम ५७ वाचावं

भाचीने एक फॉरवर्ड पाठवला, सोबत "मावशी, आमच्या लॉच्या ग्रुपवर सगळे शेअर करतायत, खरंय का गं?" मथळा काय तर 'ज्युनियर वकिलांनी वाइल्डलाइफ कायद्यावर वेळ का घालवू नये'. लिहिणाऱ्याचं नाव नाही. मी शिवाजीनगर कोर्टात प्रॅक्टिस करते, एरवी असलं आलं की डिलीट करते, पण हीच पोरं उद्या फी घेऊन पक्षकाराला हेच सांगणार, म्हणून लिहितेय.

म्हणे हा कायदा, म्हणजे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा, फक्त अभयारण्यात लागतो. कुठं वाचलं? कलम ९ मध्ये शिकारीला बंदी आहे, जागेचा उल्लेखच नाही. जुन्नरच्या उसातला बिबट्या, टेकडीवरचा मोर, सोसायटीच्या पार्किंगमध्ये शिरलेला नाग, तिघंही शेड्यूल १ मध्ये, म्हणजे कायद्यातल्या संरक्षित प्राण्यांच्या सगळ्यात कडक यादीत. 'साप मारला तर ते स्वसंरक्षण' हेही अर्धवट. कलम ११(२) ची सूट जीव वाचवायला सद्हेतूने मारलं तर आहे, कोपऱ्यात गप्प पडलेल्या जनावराला चार जणांनी काठ्यांनी ठेचायला नाही. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा की. राघू पाळायला चालतो म्हणे, तर नाही चालत, शेड्यूल २. पुढे.

आता ज्या मुद्द्याने डोकं फिरलं तो. "हत्था जोडी हे झाडाचं मूळ आहे, त्याला कायदा लागत नाही, वकिलांनी तर जवळ ठेवावीच, कोर्टात यश मिळतं." अरे बाबांनो! शेंदूर लावून छोट्या डबीत मिळणारे, दोन हात जोडल्यासारखे दिसणारे ते काळपट वाळके तुकडे मूळबिळ काही नाहीत, ते नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय आहे. २०१७ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी आणि प्राणीसंरक्षण संस्थांनी मिळून हा ऑनलाइन धंदा उघडा पाडला, नमुने लॅबमध्ये तपासले तर घोरपडच निघाली, काही तर चक्क प्लॅस्टिकचे साचे. सिंहगड चढताना यशवंतीची गोष्ट अभिमानाने सांगायची आणि खाली उतरून त्याच घोरपडीचं हे असलं काळ्या कोटाच्या खिशात ठेवून युक्तिवाद करायचा, कमाल आहे.

आणि घोरपड शेड्यूल १ मध्ये आहे. म्हणजे कलम ५१ खाली कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ७, वर किमान २५ हजार दंड. कलम ५७ तर वकिलांनी पाठच करावं, वस्तू तुमच्या ताब्यात सापडली की ती बेकायदेशीर आहे असंच कोर्ट धरून चालतं, तसं नाही हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. "मला वाटलं मूळ आहे" हे सांगून बघा जामिनाच्या वेळी.

'२०२२ च्या दुरुस्तीने कायदा ढिला झाला' हेही फेकलेलं. ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, शेड्यूल सहाची चार झाली, पण साध्या गुन्ह्याचा कमाल दंड २५ हजारांवरून १ लाखापर्यंत गेला. फॉरवर्डमध्ये 'शेड्यूल ५ मधले उपद्रवी प्राणी' असंही आहे, ते शेड्यूलच आता उरलेलं नाही, कुणीतरी रद्दीतल्या बेअर ॲक्टवरून (कायद्याच्या मूळ मजकुराचं पुस्तक) टाइप केलंय.

एनजीटीचं, म्हणजे राष्ट्रीय हरित लवादाचं, बेंच पुण्यात आहे म्हणून या केसेस तिथेच चालतात, हा आणखी एक शोध. बेंच आहे, पण एनजीटी कायद्याच्या यादीत वन (संवर्धन) कायदा आहे, जैवविविधता कायदा आहे, १९७२ चा वन्यजीव कायदा नाही. शिकारीचा खटला फौजदारी कोर्टातच.

एक मात्र नाइलाजाने मान्य करते. 'पोलिसात नुसती एफआयआर करून भागत नाही' हे अर्धं खरं आहे. सब-इन्स्पेक्टर आणि वरचे अधिकारी कलम ५० खाली झडती घेऊ शकतात, अटक करू शकतात, पण कोर्ट दखल घेतं ती कलम ५५ प्रमाणे अधिकृत अधिकाऱ्याच्या तक्रारीवर. फॉरवर्डवाल्याने कलम इथेच सोडून दिलंय. त्याच कलमात पुढे लिहिलंय की ६० दिवसांची नोटीस देऊन कोणीही तक्रार करू शकतो, कोणीही, सेकंड इयरचा विद्यार्थीसुद्धा. नोटीस ठरलेल्या नमुन्यात द्या, जागा, तारीख, प्राणी कुठला ते नीट लिहा आणि पोच जपून ठेवा, ६० दिवस उलटले हे कोर्टात दाखवायला तीच लागते.