भाड्याचं घर, मालकाचा भोंगा

भाड्याच्या घरात विहिरीचा पंप, पडवीतला झोपाळा, न्हाणीघराची न बसणारी कडी आणि माळ्यावरचा बोका असं सगळं भाडेकरूच्या ताब्यात येतं. बर्गलर अलार्मचा कोड तेवढा मुंबईला, मालकाच्या डोक्यात राहतो. ११ महिन्यांच्या कराराला जोडलेल्या यादीत पंखे ३, ट्यूब ५, गीझर १ अशी चोख नोंद असते. पुढच्या दारामागे टांगलेला पत्र्याचा पांढरा डबा मात्र यादीत लिहायचं कुणाला सुचत नाही. तो आपली आठवण आपणच करून देतो, शक्यतो पहाटे ३ वाजता.

मग मुंबईला फोन. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या मालकाचं उत्तर ठरलेलं असतं.

"काका, तो अलार्म वाजतोय हो."

"वाजता मा? मग चालूच आसा!"

पहाटे ३ वाजता हा युक्तिवाद खोडून काढणं अवघड आहे. शिवाय तो निम्मा खरा आहे. माझं तर मत असं की अलार्म सहसा बिघडत नाही, तो बोलका होतो. लाइट गेली, दार फुगलं, पाल आली, मुंगळे शिरले, सगळं इमानाने सांगतो. चोराबद्दल मात्र फारसं काही सांगत नाही, कारण त्या वेळी सगळ्यांनी वैतागून त्याला बंद केलेलं असतं.

म्हणून आधी तो काय म्हणतोय ते ऐका. हूटर पूर्ण आवाजात कोकलत असेल तर एखादा झोन उघडला आहे, म्हणजे दार, खिडकी किंवा सेन्सर. मिनिटभराने एकदाच 'टिक्' होत असेल तर ती तक्रार आहे: मेन सप्लाय नाही, बॅटरी उतरली, कुठल्या तरी डब्याचं झाकण उघडं आहे किंवा डायलरच्या, म्हणजे आपोआप फोन लावणाऱ्या यंत्राच्या, सिमचा जीव गेला आहे. लाइट गेल्यावरची टिकटिक तर आठवड्याभरात अख्ख्या वाडीला पाठ होते. तुमच्याकडून आवाज आला की शेजारची मंडळी पंपाचा स्विच बंद करायला उठतात. नाहीतर लाइट परत येते, पंप आपोआप सुरू होतो आणि सकाळी टाकीचं पाणी माडाच्या आळ्यात सापडतं.

आता कोड. तो एक नसतो, दोन असतात. पहिला रोजच्या वापराचा, त्याने भोंगा गप्प होतो. दुसरा बसवणाऱ्याचा. तो दिल्याशिवाय डबा उघडला की डब्याच्या झाकणामागची टॅम्परची, म्हणजे छेडछाड ओळखणारी, स्प्रिंग सुटते आणि तुम्हीच चोर ठरता. मालकाला पहिला कोड अर्धवट आठवतो. दुसरा त्याच्या भाच्याला ठाऊक असतो आणि भाचा मस्कतला असतो. १२३४ आणि ०००० एकेकदा जरूर मारून बघा, बरेच जण कारखान्यातून आलेला आकडा बदलतच नाहीत. पण अंदाजाने दाबत बसू नका. ठरावीक चुका झाल्या की कीपॅड काही मिनिटं रुसून बसतो. बहुतेक पॅनेलना, म्हणजे या डब्यांना, जंपर (दोन पिना जोडणारी टिकली) लावून किंवा सुरू होताना एखादं बटण दाबून मूळपदावर आणता येतं. मात्र त्यात झोनची सगळी मांडणी पुसली जाते, तेव्हा आधी वायरींचे फोटो काढा आणि मालकाची परवानगी व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या. तोंडी परवानगी गणपतीत मालक घरी येईपर्यंतच टिकते.

डबा बंद करण्याचा क्रम चुकला की गाव जागा होतो. आधी बसवणाऱ्याच्या कोडने सेटिंगमध्ये शिरायचं, मग एमसीबी पाडायची, मग बॅटरीची लाल वायर काढायची. एवढं झालं की घरात शांतता पसरते आणि बाहेरच्या भिंतीवरचा हूटर सुरू होतो. त्याच्या पोटात स्वतःची छोटी बॅटरी असते. पॅनेलकडचा सप्लाय तुटला म्हणजे चोराने वायर कापली, एवढंच त्याला शिकवलेलं असतं. त्याची बॅटरी त्याच्याच झाकणाखाली, म्हणून शिडी आधीच लावून ठेवा. पावसात चढू नका. २३० व्होल्टच्या बाजूला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरला, भाडेकरूने हात लावायचा नाही, तिथे वायरमनला बोलवा. तो संध्याकाळी येतो म्हणतो. कुठल्या संध्याकाळी, ते विचारायचं नसतं.

पहिला संशय बॅटरीवर घ्या. आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी असते, कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसमध्ये असते तीच. तिचं आयुष्य ३ ते ५ वर्षं, तेही थंड जागेत. साधारण हिशेब असा की तापमान १० अंशांनी वाढलं की लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं आयुष्य निम्मं होतं, आणि हा डबा दारामागे टांगलेला असला तरी डोक्यावर तापलेली कौलंच असतात. पॅनेल, कीपॅड आणि चार सेन्सर मिळून २०० मिलिअँपिअर खातात असं धरलं, तर नवीकोरी बॅटरी कागदावर ३५ तास पुरते. आपल्याकडे जूनच्या पहिल्या वाऱ्याला माडाची झावळ तारेवर पडली की ३५ तास हे केवळ प्रास्ताविक. मे २०२१मध्ये तौक्ते वादळ आलं, तेव्हा सिंधुदुर्गात कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात होती. अशी बॅटरी तळापर्यंत उतरून तशीच पडून राहिली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेट धरतं आणि ती पुन्हा पूर्वीसारखी भरत नाही.

तपासणी मल्टिमीटरने. एमसीबी चालू, बॅटरी सोडलेली, अशा वेळी बॅटरीकडे जाणाऱ्या वायरींवर १३.५ ते १३.८ व्होल्ट दिसले तर चार्जिंग ठीक आहे. भरून काही तास सोडून ठेवलेली धडधाकट बॅटरी १२.७च्या आसपास दाखवते. पण निव्वळ त्या आकड्यावर भुलू नका. मेलेली बॅटरीही आराम करताना १२.५ दाखवते आणि हूटरचा भार पडला की थेट १० वर बसते. भार देऊनच मोजा. पोट फुगलं असेल तर मोजायचीही गरज नाही. नवी लावताना लाल धनाला, काळी ऋणाला. उलट झालं तर फ्यूज उडतो, आणि तोही नशीब चांगलं असेल तर. जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्या, तो भंगाराचे पैसे वजा करतो. ती खळ्याच्या कोपऱ्यात ठेवली तर मालक येईपर्यंत तिथेच राहते आणि तो विचारतो, "ही चांगली बॅटरी काढलास कित्या?"

बॅटरी निर्दोष सुटली की सेन्सर. भिंतीच्या कोपऱ्यातला तो पांढरा डोळा उष्णतेची हालचाल बघतो, माणूस बघत नाही. समोरच्या जाळीदार भिंगाने खोलीचे पट्टे पाडलेले असतात, आणि ऊब एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेली की तो ओरडतो. आता कोकणातल्या माजघरात काय काय हलतं याची यादी करा. देवघरातली समई. खिडकीतून येणारं सकाळचं ऊन आणि त्यात झुलणारा पडदा. कौलातून शिरलेलं वटवाघूळ. मालकाने करारात न लिहिलेला बोका. यांतली पाल सगळ्यांत हिकमती. तिचं अंग थंड, लांबून सेन्सरला ती दिसतही नाही, पण ती भिंगावरच येऊन बसते आणि एवढ्या जवळून तिची शेपटीसुद्धा त्याला वासराएवढी वाटते. कोळी जाळं विणतो, कुंभारीण माशी वायरीच्या भोकात मातीचं घर बांधते, आणि मुंग्या आत रिलेपाशी अंडी घालतात, कारण जागा कोरडी आणि किंचित गरम असते. अख्ख्या पावसाळ्यात घरातली तेवढीच एक कोरडी जागा, तेव्हा त्यांना दोष तरी कसा द्यावा.

उपाय साधे आहेत. सेन्सर जमिनीपासून २.१ ते २.४ मीटरवर, खिडकी आणि समईकडे पाठ करून. वायर येते ते भोक सिलिकॉनने बुजवा. आत पल्सचा जंपर असतो, तो १ वरून २ वर आणा, म्हणजे एका धक्क्याला तो बोंबलत नाही. ३ वर नेऊ नका, मग चोराला दोनदा फेरी मारावी लागेल. मे महिन्यात उलटी गंमत होते. खोली ३३-३४ अंशांवर गेली की हवेत आणि माणसाच्या कातडीत फरकच उरत नाही, आणि साध्या सेन्सरला माणूस धूसर दिसतो. चोराला हे माहीत नाही हेच आपलं संरक्षण. खिडकीच्या चौकटीला कंपनाचा सेन्सर असेल तर त्याचा स्क्रू फिरवून संवेदना कमी करा. शेजारच्या पडवीच्या पत्र्यावर नारळ पडला तरी तो घरफोडी जाहीर करतो.

दारावरचा मॅग्नेट वेगळ्याच पंचांगावर चालतो. चौकटीवर काचेच्या नळीतला रीड स्विच (चुंबक जवळ आला की मिटणारा), दारावर चुंबक, दोघांत साधारण १५ ते २० मिलीमीटरपर्यंत अंतर चालतं. जुलैत फणसाचं दार फुगतं, पूर्ण बसत नाही, अंतर वाढतं. मार्चमध्ये तेच दार सुकून आक्रसतं आणि वाऱ्याने खुळखुळतं. म्हणून अंतर पावसाळ्यात दार लावून बघून ठरवायचं, ५-७ मिलीमीटरवर. चुंबकाखाली प्लास्टिकची पातळ पट्टी घालून ते जमवता येतं. दाराला लोखंडी पट्ट्या असतील तर चुंबक आणखी अशक्त होतो.

एवढ्यानेही झोन उघडाच दिसला तर वायर. चार तारांतल्या लाल-काळ्या सेन्सरला १२ व्होल्ट देतात आणि उरलेल्या दोन बातमी आणतात. या दोन तारांच्या टोकाला, सेन्सरच्या आत, एक रेझिस्टर (विजेला ठरावीक अडथळा करणारा भाग) असतो. किती किलोओहमचा ते पॅनेलवर अवलंबून: २.२ असेल तर तिन्ही पट्टे लाल, ४.७ असेल तर पिवळा-जांभळा-लाल. वायरमनची आवडती युक्ती म्हणजे तो पॅनेलमध्येच ठोकून टाकणं. मग चोराने वाटेत तारा जोडून टाकल्या तरी पॅनेलला सगळं आलबेल वाटतं. निदानासाठी मात्र हीच युक्ती सोन्यासारखी आहे. संशयित झोनच्या तारा पॅनेलमधून सोडा, त्या जागी तसाच एक रेझिस्टर लावा. झोन शांत झाला तर पॅनेल निर्दोष, दुखणं बाहेर. सुटलेल्या तारा मीटरवर मोजा: आकडाच नाही म्हणजे तार तुटली, शून्याच्या आसपास म्हणजे आपसात चिकटली. ४.७च्या जागी ३.२ आला तर ती सगळी खाऱ्या हवेची करामत. जोडात हिरवा चिकट गंज धरलेला असतो आणि ओलाव्यातून वीज चोरवाट काढत असते. नुसत्या पिळलेल्या आणि टेप गुंडाळलेल्या जोडांचं समुद्रापासून किलोमीटरभरात असंच होतं. गंजलेला भाग कापून टाका, नवं तांबं उघडं करा, डाग द्या (सोल्डर करा), वर श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवली की आक्रसणारी नळी, चढवा.

बिनतारी सेन्सर असतील तर वायरीचं दुखणं जातं आणि भिंतीचं येतं. चिऱ्याची जाड भिंत पावसात भिजली की बारीक रेडिओ लहरी पार होताना थकतात. आधी सेल बदला, नाहीच जमलं तर पॅनेल घराच्या मध्यावर आणा. डायलरमध्ये जुन्या पद्धतीचं २जी यंत्र असेल आणि सिम फक्त ४जी कंपनीचं, तर तो कितीही डायल करो, फोन लागणार नाही. लागला तरी पहिला नंबर आधीच्या भाडेकरूचा असतो. पुण्यात झोपलेल्या त्या बिचाऱ्याला तुमच्या घरातली पाल दोन वर्षं छळत असते.

शेवटी वॉक टेस्ट लावून प्रत्येक खोलीत हळू चालून बघा. बाहेर पडण्याची मुदत ३० सेकंद असते, ती ६० करा. दोन बॅगा, एक फणस आणि "गॅस बंद केलास मा?" एवढं ३० सेकंदांत उंबऱ्याबाहेर जात नाही. हूटर ५ मिनिटांत आपोआप थांबेल असं ठेवा. रात्री निवासी भागात आवाजाची कायदेशीर मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि हा १००च्या वर जातो.

नवी बॅटरी, बुजवलेलं भोक, डाग दिलेले जोड. त्या रात्री लाइट जाते आणि टिकटिक होत नाही, कारण तक्रार नोंदवण्याआधी तासभर थांबायचं हे तुम्ही त्याला सेटिंगमध्ये शिकवलेलं असतं. सकाळी गडग्यापलीकडून शेजारच्या काकी हाक मारतात. त्यांच्या अंगणात घोटाभर पाणी असतं.

"तुमचो भोंगो बिघडलो काय हो? लाइट गेलेली आमका कळूकच नाय!"