आवाजाचे पैसे वेगळे

रविवारची मॅच, घरात बायकोकडची सगळी माणसं, टीव्हीवर चित्र एकदम कडक आणि आवाज शून्य. झालं एवढंच होतं. पण त्यानंतर मामा ज्याला त्याला जे सांगत सुटलेत ते ऐकून माझं डोकं फिरलंय, म्हणून म्हटलं आपली बाजू पण लिहून टाकू.

तर आमच्या टीव्हीमागे एक छोटा डबा आहे, म्हणजे मिनी पीसी, त्यावर लिनक्स, त्यावर कोडी नावाचा प्लेअर. पिक्चर, गाणी, मॅच सगळं त्यावरूनच चालतं, आणि डब्यातून टीव्हीत जाते एकच एचडीएमआयची वायर. २००२ साली हे एचडीएमआय प्रकरण निघालं तेच मुळी चित्र आणि आवाज एकाच वायरीतून जावेत म्हणून. त्याआधी लाल, पांढरी, पिवळी अशा पिना असायच्या, पिवळी चित्राची आणि बाकीच्या दोन आवाजाच्या, आणि एखादी निघाली तर निदान कुठली निघाली ते डोळ्यांना दिसायचं तरी. आता त्या एका वायरीतून अर्धाच माल येतो आणि वायर मात्र आपला काही संबंध नसल्यासारखी साळसूदपणे लटकत असते.

मामा म्हणजे बायकोचे मामा. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत. गाडी गेटातून आत येतानाच नुसत्या आवाजावरून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचे, अशी त्यांची ख्याती आहे (सांगणारे तेच). इथे आवाजच नव्हता, त्यामुळे त्यांची जरा पंचाईत झाली होती. मी कीबोर्ड घेऊन टीव्हीसमोर फतकल मारून बसलो तसे तेही खुर्ची ओढून माझ्या मागे येऊन बसले.

"जावईबापू, कुठल्या कंपनीचं आहे हे?"

"डबा कंपनीचा आहे मामा, आतलं सॉफ्टवेअर लिनक्स आहे."

"केवढ्याला पडलं?"

"फुकट असतं ते."

मामा थोडा वेळ गप्प बसले. मग अतिशय समजुतीच्या सुरात म्हणाले, "मग बरोबर आहे. आवाजाचे पैसे वेगळे असतील."

मागून हशा. मी मान न वळवता टाइप करत राहिलो.

"नाही हो मामा, सगळंच फुकट असतं. १९९१ साली फिनलंडमधल्या एका कॉलेजच्या पोराने सुरू केलं, आता जगभरातले लोक मिळून बनवतात."

"मालक कोण मग?"

"तसा मालक नाही कोणी."

"आणि बिघडलं तर कंप्लेंट कुणाकडे करायची?"

आता याला काय उत्तर देणार. मी म्हटलं आपलं आपणच बघायचं असतं. मामांनी "अच्छा" म्हटलं, पण ते अच्छा असं होतं की भाचीला कुठल्या घरात दिलंय याचा ते नव्याने विचार करतायत.

मग मी एप्ले नावाच्या कमांडने साउंडकार्डची यादी काढली. त्यात एचडीएमआय शून्य, एचडीएमआय एक, एचडीएमआय दोन, आणि त्यांचे डिव्हाइस नंबर ३, ७ आणि ८. का ते विचारू नका, ते तसंच असतं. मामांनी चष्मा वर केला, उठून डब्याच्या मागे जाऊन बघून आले. "भोक तर एकच आहे." मी म्हटलं हो. "मग नावं तीन कशाला?" पुढे आवाज कमीजास्त करायचा अल्सामिक्सर उघडला तर एका पट्टीखाली एम एम. मामा म्हणाले हे काय, मी म्हटलं म्यूट. "दोनदा? एकदा सांगून कळत नाही का त्याला?" खरं सांगतो, प्रश्न चुकीचे नव्हते. पण बरोबर प्रश्न विचारणारा माणूस खांद्यावरून डोकावत असला की त्याच्यासारखा वैताग दुसरा नाही. एम दाबून म्यूट काढला, पट्टीखाली शून्य शून्य आलं, टीव्ही तरी मख्खच.

शेवटी व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये गेलो आणि तिथे खरी गंमत होती. एचडीएमआयच्या नावापुढे लिहिलेलं, अनप्लग्ड. म्हणजे बघा, ज्या वायरीतून माझ्या डोळ्यांसमोर बॉलर धावत येतोय, त्याच वायरीबद्दल आवाजवाल्यांचं म्हणणं की वायर लावलेलीच नाही. सरकारी ऑफिसात आपण समोर उभे असताना तुमचा हयातीचा दाखला आलेला नाही म्हणतात, तसलाच प्रकार. आणि आउटपुट म्हणून त्याने स्वतःच निवडलंय, डमी आउटपुट. तिथे मात्र हिरवी पट्टी मस्त नाचत होती. आवाज जात होता, फक्त कुठेच जात नव्हता.

एवढ्यात मामांना कल्पना सुचली. त्यांनी खिशातून मोबाईल काढला, त्यावर तीच मॅच लावली, स्वयंपाकघरातून एक स्टीलचं पातेलं आणलं आणि मोबाईल त्यात उभा करून पातेलं टीव्हीसमोर ठेवलं. आवाज घुमायला लागला. सगळे खूश. चित्र माझं, आवाज पातेल्याचा.

पण स्ट्रीमिंग दोन यंत्रांवर बरोबरीने थोडंच चालतं, मोबाईल होता टीव्हीच्या चांगला पुढे. टीव्हीवर बॉलर अजून रनअपला उभा आणि पातेल्यातून कॉमेंटेटर ओरडतोय आउट! पहिल्यांदा गोंधळ उडाला. दुसऱ्या वेळेपासून मामा पातेल्याला कान लावून बसले आणि भविष्य सांगायला लागले. "हा आता चौकार मारणार." चौकार. "ह्याचा कॅच सुटणार बघ." सुटला. पोरं टाळ्या पिटतायत, सासूबाई कौतुकाने बघतायत, एका मेव्हण्याने तर पुढच्या बॉलवर पैज लावायची तयारी केली. आणि मी तिथे खाली आवाज सांभाळणारं पाइपवायर रीस्टार्ट करतोय. माझ्याकडे कोणी बघेना. बायको चहाचा ट्रे घेऊन माझ्या अंगावरून पलीकडे गेली आणि जाताना म्हणाली, "जरा बाजूला सरक ना, मागच्यांना दिसत नाहीये."

मग मोबाईलची बॅटरी उतरली. मामांनी चार्जर मागितला, एक्स्टेन्शन बोर्डात जागा नव्हती, तर ह्या माणसाने सरळ एक प्लग उपटला. टीव्हीचा. एकच आरडाओरडा झाला, त्यांनी घाबरून तो परत खुपसला, टीव्ही चालू झाला आणि सोबत दणदणीत आवाज, कारण मधल्या खटपटीत मी व्हॉल्यूम शंभरावर नेऊन ठेवला होता. पातेलं थरथरलं.

मामा हात झटकत म्हणाले, "प्लग लूज होता."

नव्हता लूज! सकाळी लाईट गेली होती. परत आल्यावर डबा आपोआप चालू होतो, टीव्ही मात्र आधीच बंद होता, तो बंदच राहिला. टीव्ही झोपलेला असला की आपल्याला कुठला आवाज चालतो ती माहिती तो बरेचदा देत नाही, डब्यात त्या माहितीला ईएलडी म्हणतात, आणि ती माहिती नाही म्हटल्यावर डब्याच्या हिशेबी तिथे ऐकणारं कोणी नाही. नंतर टीव्ही लावला की ती आपोआप पोचायला हवी, पण कधीकधी चित्राचं जमतं आणि आवाजाचं राहून जातं. प्लग उपटून खुपसला तेव्हा वायरीने पुन्हा नव्याने ओळख करून दिली. एवढंच! हे मी तिथे उभं राहून सगळ्यांना नीट समजावून सांगत होतो, पण मॅचमध्ये नेमकी विकेट पडली. मामांना आता ती कोणाच्या आधी कळली नाही म्हणून ते जरा हिरमुसले, तेवढंच काय ते माझं समाधान.

आता फॅमिली ग्रुपवर मामांनी टाकलंय की जावयाचा कॉम्प्युटर आपण दोन मिनिटांत दुरुस्त केला, वर पातेल्याचा फोटो. खाली सत्कार करा म्हणून सतरा अंगठे. मी ईएलडीबद्दल सविस्तर मेसेज लिहिला तर त्यावर फक्त सासूबाईंचा नमस्कार आला. मेव्हणा म्हणतो त्यापेक्षा टीव्हीला लावायची स्ट्रीमिंगची कांडी घ्या, काही झंझट नाही. घ्या ना, आणि मग ती कांडी होमस्क्रीनवर तुम्हाला कसल्या कसल्या जाहिराती दाखवते ते पण बघा, आणि पेनड्राइव्हवरचा आईबाबांच्या लग्नाचा व्हिडिओ लावून दाखवा तिच्यावर. पण एक मात्र मलाही कळत नाही, चित्राला टीव्ही सापडतो, त्याच वायरीत, त्याच वेळी, मग शेजारच्याला विचारायला ह्या आवाजाचं काय जातं?

पुढच्या महिन्यात पुन्हा मॅच आहे. मामांचा फोन आला होता, येताना स्वतःचं पातेलं आणतो म्हणाले, आमचं जरा पातळ आहे.